मुलाच्या दिवसाचा नकाशा

समाजकार्याची पदवी घेऊन वस्तीत किंवा गावात कामाला लागलेल्या मुलामुलींना संस्थेकडून सुरुवातीलाच एक काम हमखास मिळतं: शाळेत जाऊन ‘गुड टच, बॅड टच’चं सत्र घ्या. चित्रांचा संच हातात असतो. मुलं लाजतात, हसतात, मग ‘नाही म्हणा, पळा, सांगा’ असं एका सुरात म्हणतात. फोटो निघतात, अहवालात लाभार्थ्यांचा आकडा भरला जातो. हे सत्र घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. पण बाल लैंगिक अत्याचार रोखण्याचं काम तेवढ्यावर झालं असं आपण धरून चाललो, तर सगळा भार सात वर्षांच्या पोरीवर टाकून मोकळे झालो. ज्या माणसाच्या घरात ती जेवते, ज्याच्या पाया पडायला आपणच तिला शिकवलंय, त्याला तिने ‘नाही’ म्हणायचं आणि तिथून पळायचं. पळून जाणार कुठे? म्हणून या लेखात बोलायचं आहे ते मुख्यतः मोठ्या माणसांबरोबर करायच्या कामाबद्दल. हे काम समाजकार्यकर्त्याशिवाय दुसरं कोणी नीट करू शकत नाही, कारण घर, शाळा, पंचायत, दवाखाना, पोलीस ठाणं आणि कोर्ट या सगळ्या उंबऱ्यांवर ज्याची ये-जा असते असा तोच एक माणूस असतो.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणं झालं होतं. त्यात महाराष्ट्र होता, गोवाही होता. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि सांगणाऱ्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच निघालं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याखालच्या बलात्काराच्या प्रकरणांकडे पाहा. दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो: घरातला, शेजारचा, नात्यातला, शाळेतला. तरीही आपल्या सूचना अजून ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस’ याच्याभोवती फिरतात. हे दोन आकडे मनाशी पक्के असले, की काम कुठे करायचं ते आपोआप कळतं.

ते काम सुरू करायला चांगली जागा म्हणजे अंगणवाडी. दुपारी दहा-बारा आयांना जमवा. फरशीवर खडूने एक मोठं वर्तुळ काढा आणि घड्याळासारखे त्याचे भाग पाडा, पहाटेपासून मुलं झोपेपर्यंत. मग एकेका आईने आपल्या एका मुलाचा कालचा दिवस सांगायचा. तुम्ही फक्त विचारत राहायचं. तुम्ही नळावर होतात तेव्हा मूल कोणाजवळ होतं? शाळेच्या रिक्षातून सगळ्यात शेवटी कोण उतरतं? शाळा सुटते साडेबाराला, तुम्ही कामावरून येता पाचला; मधल्या वेळात दार कोण उघडतं? शिकवणी कुठल्या खोलीत होते, आणि दार उघडं असतं की लोटलेलं? रात्री संडासला जायचं झालं तर कुठे, कोणाबरोबर? घरात लग्नकार्य असलं, पाहुण्यांनी घर भरलं, की मुलांची अंथरुणं कुठे पडतात? एक मोठं माणूस आणि एक मूल जिथे एकटे असतात आणि तिसऱ्याला दिसत नाहीत, तिथे लाल खडूने फुली मारायची.

पहिली दहा मिनिटं ‘आमच्याकडे तसलं काही नाही बाई’ हेच ऐकू येईल. वाद घालू नका, फुल्या मारत राहा. मग कोणीतरी म्हणतं, ‘आमची पोरगी शिकवणीला शेवटी एकटीच राहते, घर लांब पडतं ना.’ हे म्हणताना तिने कोणावर आरोप केलेला नसतो. तिच्या मनातही तो नसतो. पण शेजारची लगेच म्हणते, ‘मग माझा पोरगा थांबेल की तिच्याबरोबर.’ शिकवणी ओसरीवर घ्यायची, रिक्षात शेवटी दोन मुलं एका ठिकाणी उतरतील असा क्रम लावायचा, दुपारचे तास शेजारणींनी आळीपाळीने वाटून घ्यायचे, संडासाच्या वाटेवरच्या दिव्यासाठी ग्रामसभेत अर्ज द्यायचा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. या पद्धतीचं खरं बळ असं, की नियम सगळ्यांना सारखा लागतो. दार उघडं ठेवायचं ते सगळ्याच शिक्षकांनी. त्यात कोणाचा अपमान होत नाही, आणि ज्याच्या मनात काळंबेरं आहे त्याची संधी मात्र जाते. चांगल्या शिक्षकाला या नियमाचा त्रास होत नाही. जो नियमावर उखडतो, त्याच्याकडे थोडं लक्ष ठेवा.

हा नकाशा एकदा काढून फायलीत लावायचा नाही, कारण तो हंगामाप्रमाणे बदलतो. बीड जिल्ह्यात आणि आसपासच्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, निघतात. काही मुलं आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जातात, काही आजी-आजोबांजवळ किंवा चुलत्याकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात. तीन ठिकाणी तीन वेगळे धोके. फडावर आईबाप अंधारातच निघून जातात आणि झोपलेली मुलं कोपीत एकटी. कोपीला धड दार नसतं. गावात राहिलेल्या वयात आलेल्या मुलीवर थकलेली आजी किती लक्ष ठेवणार? ‘पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवायचं’ या धास्तीनेच तिथे चौदा-पंधराव्या वर्षी लग्नं उरकली जातात. म्हणजे एका अत्याचाराच्या भीतीने दुसरा अत्याचार. तेव्हा कोयता निघण्याआधी महिनाभर गावात बसा आणि घरटी विचारा, कोण कुठे राहणार आहे. मुकादमाशी बोला. कोप्या एकमेकींकडे तोंड करून पडतील आणि लहान मुलांजवळ रोज एक बाई थांबेल, एवढं ठरवून घेतलं तरी पुष्कळ. हंगामी वसतिगृह असेल तर रात्री तिथे मुक्कामाला कोण असतं, हे स्वतः जाऊन पाहून या. रजिस्टरवर विसंबू नका.

आता कायद्याचा भाग. यातलं एक कलम माझ्या मते फार कमी वापरलं जातं. पोक्सो कायदा २०१२चा. त्याच्या कलम १९नुसार गुन्हा घडल्याचं कळलं तर कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच कलमात गुन्हा घडण्याची शक्यता वाटली तरी कळवण्याची तरतूद आहे. म्हणजे घडून जाईपर्यंत थांबायची गरज नाही. बाल न्याय कायदा, २०१५ सुद्धा अत्याचार होण्याची शक्यता असलेल्या मुलाला ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ मानतो. अशा मुलाला बालकल्याण समितीपुढे नेता येतं. दारुड्या सावत्र बापाजवळ मुलीला ठेवून आईला रात्रपाळीला जावं लागतं, अशी स्थिती दिसली तर तीच समितीपुढे मांडा. एकल आईला बाल संगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळाले, तर कदाचित ती रात्रपाळी सोडू शकेल. हा अर्ज भरून देणं हे लैंगिक अत्याचार रोखण्याचंच काम आहे, भले अहवालाच्या तक्त्यात त्याला रकाना नसो.

शाळांकडे वळू. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या एका शाळेत अगदी चिमुकल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पालकांना पोलीस ठाण्यात ताटकळावं लागलं आणि शाळेने वेळेत कळवलं नाही, हे त्या प्रकरणातले सर्वांत झोंबणारे मुद्दे होते. त्यानंतर राज्यभर सीसीटीव्हीचीच चर्चा जास्त झाली. कॅमेरा असावा, पण स्वच्छतागृहात तो लावता येत नाही आणि लावला तरी पाहणारं कोणी लागतं. त्याहून उपयोगाचं म्हणजे लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं, हे शाळेला विचारणं. पोक्सोच्या २०२०च्या नियमांनुसार मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी संस्थेने ठरावीक काळाने करायची आहे; कंत्राटी सफाई कामगार, बसचा क्लीनर, क्रीडाशिक्षक, सगळ्यांची. महाराष्ट्रात शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमायचा निर्णय २०२२मध्ये झाला. तुमच्या भागातल्या शाळेत ती समिती कागदावर असेल, तर मुख्याध्यापकांकडे जा, पुढच्या बैठकीची तारीख घ्या आणि त्या दिवशी हजर राहा. दोन-तीन बैठका झाल्या की पालक स्वतः प्रश्न विचारू लागतात.

मुलांशी बोलायचं ते या सगळ्याच्या जोडीने. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं मुलांना माहीत असू द्या. ‘तिथे’, ‘खाली’ एवढंच म्हणता येणारं मूल डॉक्टरांपुढे आणि कोर्टात अडकतं. पाहुण्यांना पापा द्यायची सक्ती करू नका, हे घराघरांत सांगा. आजी रुसेल, तिलाही समजावता येतं. वाढदिवसाची भेट लपवणं वेगळं आणि ‘आईला सांगितलंस तर आई मरेल’ असं कोणी म्हणणं वेगळं, हा फरक पाच वर्षांच्या मुलाला छान कळतो. मुलग्यांना वगळू नका. त्यांच्या बाबतीत तर घरचेही ‘त्यात काय एवढं’ म्हणून मोकळे होतात. मूकबधिर, मतिमंद मुलांच्या निवासी शाळांत अधिक वेळ द्या, कारण तिथे मुलाचं म्हणणं समजणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि तोच अत्याचार करणारा निघाला तर वाट बंद. अशा शाळेत बाहेरून खुणांची भाषा जाणणारं कोणी महिन्यातून एकदा तरी यायला हवं.

इतकं करूनही एखादं मूल एक दिवस तुमच्याजवळ येऊन सांगेल. बहुतेकदा ते थेट सांगत नाही. ‘ताई, मला त्या काकांकडे शिकवणीला नाही जायचं’, एवढंच. त्या वेळी तुमचा चेहरा कसा होतो, यावर पुढचं पुष्कळ ठरतं. दचकू नका, ‘अगं देवा’ म्हणू नका. खाली बसा, मुलाच्या उंचीवर या. ‘बरं झालं मला सांगितलंस. मग काय झालं?’ इतकंच पुरे. तुमच्या मनातलं नाव त्याच्या तोंडी घालू नका. वस्तीत सगळेच काका असतात, तेव्हा कोणते काका ते त्यालाच सांगू द्या. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका, कारण ते तुम्हाला मोडावंच लागणार आहे, आणि आधीच एका मोठ्या माणसाने त्याचा विश्वास मोडलेला आहे. ‘हे थांबवायला मला दोन-तीन जणांची मदत घ्यावी लागेल, कोणाची ते तुला आधी सांगेन’ असं म्हणा आणि तसंच वागा. नंतर लगेच वहीत मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, त्याच्या बोलीत, तारीख-वेळेसह. सुधारून, प्रमाण मराठीत लिहू नका. पुन्हा पुन्हा विचारू नका, संस्थेच्या चार जणांपुढे त्याच्याकडून वदवून घेऊ नका. आरोपीला जाब विचारायला तर मुळीच जाऊ नका. त्याने तो सावध होतो आणि मुलावर दडपण आणतो.

घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकच्या नाही. दवाखान्यात लवकर न्या. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ असं म्हणून रुग्णालय उपचार नाकारू शकत नाही. तपासणी एफआयआर नसतानाही करता येते, मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते आणि उपचार मोफत द्यायचे असतात. या तरतुदींची एक प्रत मराठीत छापून पिशवीत ठेवा. रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीत वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं जातं. जबाबासाठी मुलाला ठाण्यात न्यायलाच हवं असं नाही. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. त्यांनी कळवलं की नाही, हे तुम्ही समितीला फोन करून विचारा. रात्री-अपरात्री काही सुचेना तर १०९८. ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली, आणि त्याच संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडून समाजकार्यकर्त्याला पोलिसांच्या शेजारी बसवलं. आज आपल्याला ठाण्यात खुर्ची मिळते, त्यामागे त्या पिढीचे कष्ट आहेत.

कळवायचं की नाही, हा पर्याय तुम्हाला नाही. समुपदेशक म्हणून राखलेली गुप्तता इथे ढाल होत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत कैद. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. खरा दबाव कायद्याचा नसतोच, तो गावाचा असतो. ‘मिटवून टाका. पोरीचं नाव खराब होईल. शेवटी भाऊबंदच आहेत.’ सरपंच येतात, मामा येतो, कधी तुमच्या संस्थेचा देणगीदारही येतो. कोणी त्या मुलीचं लग्न लावून देऊ म्हणतं, कधी चक्क आरोपीशीच. इथे मवाळ होऊ नका. ‘हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, मला कळवावंच लागेल’ हे शांतपणे, एकाच वाक्यात, येईल त्याला सांगत राहा. मुलीच्या आईला मात्र बाजूला घेऊन तिची खरी अडचण विचारा. आरोपी बापच असेल तर उद्याची चूल कशी पेटणार, ही तिची अडचण असते. २०२०च्या नियमांत त्याचीही सोय आहे: अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती लगेच रक्कम सुचवू शकते आणि ती आठवड्याभरात द्यायची असते. पुढे विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडितांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज करता येतो. ज्या आईला हे वेळेवर कळतं, ती साक्ष फिरवत नाही.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं प्रेमप्रकरण घेऊन कोणी आलं तर तिथे जास्त समज लागते. कायद्याने अठराच्या आत संमती नाही, त्यामुळे अशा मुली दवाखान्यात जायला घाबरतात आणि भलत्या ठिकाणी गर्भपात करून जीव धोक्यात घालतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलं, की अशा मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही गोष्ट तुमच्या भागातल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना माहीत करून द्या.

खटला उभा राहिला की बालकल्याण समिती मुलासाठी सहाय्यक व्यक्ती नेमू शकते, आणि ती बहुधा तुमच्यासारखी समाजकार्यकर्तीच असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये बजावलं, की अशी व्यक्ती हवी की नको हे पालकांच्या मर्जीवर सोडू नये. हे काम अगदी साधं दिसतं आणि फार मोलाचं असतं. साक्षीच्या आधी एखाद्या दिवशी मुलाला रिकामं कोर्ट दाखवून आणा: न्यायाधीश इथे बसतात, तू इथे, तो माणूस तुला दिसणार नाही अशी सोय करतात, मध्येच थांबावंसं वाटलं तर असं सांगायचं. साक्षीच्या दिवशी पिशवीत पाणी, बिस्किटं, रंगपेटी आणि एक जादा कपड्यांचा जोड असू द्या. लहान मुलं भीतीने शू करतात, आणि ओल्या कपड्यात उभं राहिलेलं मूल एक शब्द बोलत नाही. कॉरिडॉरमध्ये आरोपीचे नातेवाईक टक लावून बसलेले असतात, तेव्हा पुकारा होईपर्यंत मुलाला बसवायला एखादी बाजूची खोली आधीच बोलून ठेवा.

ही कामं करताना तुमची झोप उडते, स्वतःच्या मुलाला कोणी उचललं तरी मनात काहूर उठतं. संस्थांनी आठवड्यातून एकदा अनुभवी सहकाऱ्याशी बोलायची वेळ कामाच्या तासांतच ठेवली पाहिजे. ती नसेल तर मागून घ्या.

आणि जामिनाच्या दिवसाची तयारी आधीपासून ठेवा, कारण बहुतेक कुटुंबांना आरोपी सुटल्याचं तो गल्लीत दिसल्यावरच कळतं. आरोपी कोठडीत आहे की सुटला, हे मुलाला आणि पालकांना कळण्याचा हक्क नियमांत आहे. तारीख लागली की वकिलांना आणि तपास अधिकाऱ्यांना तुम्ही फोन करा, जामीन अर्जाला विरोध करताना आरोपी मुलाच्या घरापासून किती पावलांवर राहतो हे न्यायालयापुढे येईल असं पाहा, आणि मुलाच्या घराजवळ फिरकायचं नाही अशी अट मागायला सांगा. अट मिळाली तर तिची प्रत घरी आणि ठाण्यात असू द्या. मग पुन्हा अंगणवाडीत त्याच आयांना बोलवा आणि नवं वर्तुळ काढा. या वेळी आरोपीच्या घराची जागाही त्यात दाखवा आणि त्या वाटेने शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव विचारून लिहून घ्या.